बुधवारचा उपवास

अमली पदार्थ विरोधी दिन खरा गुरुवारी होता. पण पाहुण्यांना गुरुवारी तीन ठिकाणी शाली घ्यायच्या होत्या, म्हणून आमच्या टेकडीवरच्या कॉलेजनं तो बुधवारीच उरकायचं ठरवलं. मला निरोप आला तो जेवणाचा. दीडशे पानं, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि गोड काहीतरी. निरोप देणाऱ्या बाईंनी शेवटी आवाज बारीक केला, "आणि मावशी, रईसचा विषय तिथं नको हं. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

पोरगा अठरा दिवस हॉस्पिटलात पडून होता, ते बरं दिसलं. विषय तेवढा बरा दिसत नाही.

मी गुलशन. लवळ्याच्या चढाला लागायच्या आधी उजव्या हाताला माझी मेस आहे. पुढं पत्र्याची शेड, आत सहा टेबलं. रोज चौसष्ट डबे बाहेर जातात. माझा नवरा इलाही ते रिक्षातून पोचवतो आणि रिकामे गोळा करून आणतो. बावीस वर्षं मी परगावच्या पोरांना जेवायला घालते आहे. कोण कुणावर भाळलंय, कुणाचं कुणाशी फाटलंय, कुणाचा पेपर वाया गेलाय, हे मला त्यांच्या आईबापांच्या आधी कळतं. प्रेमात पडलेला भात टाकतो. नापास झालेला दोन पोळ्या जास्त मागतो. मैत्रिणीशी भांडलेलीचा डबा गेला तसा परत येतो, फक्त लोणचं संपलेलं असतं.

हे सगळं माझ्या वहीत असतं. डबा खाल्ला की टिक. आदल्या दिवशी सांगून घेतला नाही की 'खा', म्हणजे खाडा; असे खाडे महिनाअखेरीला पुढच्या महिन्याच्या पैशांत वळते करायचे, हा सगळ्याच मेसचा रिवाज. आणि माझ्या वहीत एक तिसरी खूण होती, ती दुसऱ्या कुठल्या मेसमध्ये नसेल. 'र'. म्हणजे रोजा.

ती खूण मी एकट्या रईससाठी काढली होती. काढताना माझी छाती फुगली होती.

रईस माझ्या बहिणीचा, अफरीनचा मुलगा. ती भोरला असते. दोन वर्षांपूर्वी त्याला कॉलेजला घालायला घेऊन आली तेव्हा म्हणाली, "आपा, पोरगं तुझ्या पदरात टाकलंय." माझं घर म्हणजे मेसच्या मागच्या दोन खोल्या, तिथं कांद्याच्या वासात कसला अभ्यास होणार? म्हणून समोर भिकूभाऊंच्या इमारतीत त्याला खोली घेऊन दिली. भिकूभाऊंच्या भाताच्या खाचरात आता चार मजले उभे आहेत. त्यांची बायको साळू माझी जुनी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलो.

ईद झाली आणि रईसचा डबा भरलेला परत यायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "खाला, शव्वालचे सहा रोजे धरलेत." रमजाननंतरचे हे सहा रोजे मर्जीचे असतात, भल्याभल्यांना झेपत नाहीत. मी अफरीनला फोन केला, दोघी आनंदानं रडलो. सहा झाले. मग सोमवार-गुरुवारचे सुरू झाले. मग म्हणाला, रमजानमधले सुटलेले भरून काढतोय.

इलाही म्हणाला, "गुलशन, रमजानचे रोजे तीस. ह्याचे सुटले किती, चाळीस?"

मी त्याला गप्प केलं. म्हटलं, तू स्वतः रमजानातसुद्धा दुपारी टपरीवर चहा पितोस, तू बोलू नको.

खरी गोष्ट पुढंच आहे. रोजा धरणारा माणूस संध्याकाळी जेवतो. जेवायचंच असतं. रईसचा संध्याकाळचा डबाही भरलेला येत होता, आणि मी दोन्ही वेळच्या रकान्यात 'र' लिहीत होते. सूर्य मावळल्यावर कुणाचा रोजा असतो? चौसष्ट डबे नावानिशी ध्यानात ठेवणारी बाई मी; मला दिसलं नाही असं कसं म्हणू? मी बघितलं नाही. एकदा त्याच्या डब्याच्या झाकणात काचेसारख्या खड्यांची इवलीशी पुडी राहिली होती. "तुरटी आहे, खाला. दाढीला लागते." त्याच्या हनुवटीवर मोजून अकरा केस होते. तरी मी ती तुरटी जपून त्याच्या खोलीवर पोचती केली. स्वतःच्या हातानं.

आता साळू मागं कशी राहील? तिच्या भावाची मुलगी गौतमी तिच्याकडेच राहून त्याच कॉलेजात शिकते. भाऊ धरणाच्या पलीकडच्या गावात, तिथून रोज येणं-जाणं होत नाही. मे महिन्यात साळू कंपाउंडवरून म्हणाली, "आमच्या गौतमीनंबी सोळा सोमवार धरलेत, बरं का." दुसऱ्या आठवड्यात मंगळवार देवीचा. मग गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मी रोज्यांचा आकडा सांगायची, ती उपवासांचा. आम्ही दोन शहाण्या बायका कंपाउंडवर कोपरं टेकून दोन पोरांच्या उपासमारीची बढाई मारत होतो.

मे महिन्याच्या एका भर दुपारी भिकूभाऊ धावत आले. रईस गच्चीवर होता. पाण्याच्या टाकीचं झाकण दगडानं ठोकत होता. आत माणसं बसलीत आणि माझं शूटिंग करतायत, म्हणत होता. दंड नखांनी ओरबाडून रक्तबंबाळ. मला बघून म्हणाला, "खाला, तूपण त्यांच्यातली?" अंग तव्यासारखं तापलेलं, आणि छाती अशी उडत होती की शर्टावरून दिसावी. इलाहीनं डबे रस्त्यावर उतरवले आणि त्याला रिक्षात घातलं.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवला कधी? झोपला कधी?"

मी म्हटलं, "तो रोजे धरतो. रात्री नमाज पढतो."

त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "मावशी, त्याला भूकच लागत नाहीये. चार दिवस झोप नाहीये. हे रोजे नाहीत."

कागदावर त्यांनी मेथॅम्फेटामिन लिहिलं. पोरं त्याला मेथ म्हणतात, आइस म्हणतात. रईसनं मागाहून सांगितलं, परीक्षेच्या आधी वरच्या वर्गातल्या एकानं पहिली पुडी फुकट दिली होती, जागायला. त्याचं नाव आम्ही पोलिसांत दिलंय. सध्या रईस व्यसनमुक्ती केंद्रात आहे. दात खाऊन खाऊन दोन दाढा फुटल्या. अजून बोलता बोलता मागं वळून बघतो. अफरीन माझा फोन उचलत नाही.

हॉस्पिटलातून आले आणि माझी नजर गौतमीवर गेली. तोंडात काही नाही आणि जबडा मात्र चाललाय. गालावर फोड, त्यावर पावडरीचा थर. मनगट एवढं बारीक की घड्याळ कोपराकडं सरकत होतं. मी साळूला कंपाउंडपाशी गाठलं.

"साळू, गौतमीला डॉक्टरकडं ने. हे उपवास न्हाईत."

"मंग काय हाय?"

मी सांगितलं. साळूचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तुझ्या पोरानं शाण खाल्लं, म्हून माझ्या पोरीच्या ताटात डोकावतीयास व्हय? देवाचं करतीया ती! तुमच्यातलं तुमच्यात ठेव, गुलशन."

"तुमच्यातलं?" मी म्हटलं. "पंचवीस वर्षांनी आज मी 'तुमच्यातली' झाले?"

तिनं फाटक लावून घेतलं. चार आठवडे आम्ही बोललो नाही. समोरासमोर आलो तर ती रस्ता बदलायची, नाहीतर मी.

आणि मग हा बुधवार.

हॉलमध्ये भलामोठा फलक. त्यावर कवटी, विडी आणि बाटली. ज्या विषानं आमचा पोरगा गच्चीवर नेला, त्याचं नाव त्या फलकावर नव्हतं, निमंत्रणात नव्हतं, कुणाच्या तोंडात नव्हतं. पहिल्या रांगेत 'पालक प्रतिनिधी' म्हणून घरमालक बसवले होते. त्यात नवी साडी नेसलेली साळू, हातात सत्काराचं गुलाबाचं फूल. सूत्रसंचालन गौतमीकडं होतं. तिनंच शपथ वाचली, "मी आयुष्यात कोणत्याही व्यसनाला बळी पडणार नाही," आणि दीडशे पोरांनी हात पुढं करून मोबाइलमध्ये बघत म्हटली.

पाहुणे दयानंद सर. गळ्यात शाल, समोर नारळ. सरांनी पाऊण तास गुटख्यावर खर्च केला. पिचकाऱ्यांचे आवाज काढून दाखवले. दारुड्याची नक्कल केली, पोरं हसली. मी मागच्या दाराशी डाव घेऊन उभी होते आणि भात शिजायच्या आधी मीच शिजत होते. मग सर गंभीर झाले.

"मुलांनो, व्यसन म्हणजे संस्कारांचा दुष्काळ! ही बघा तुमची मैत्रीण गौतमी. मघाशी मी तिला चहा-बिस्किटं घे म्हटलं. म्हणाली, सर, माझा उपवास आहे. काल रात्रभर जागून तिनं आजची तयारी केली, आणि आज पोटात अन्न नाही! ज्याचा जिभेवर ताबा आहे, त्याला कुठलं व्यसन शिवेल?"

टाळ्या पडल्या. साळूनं पदर सारखा केला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. दीडशे माणसांतून नेमकी माझ्याकडं.

मी डाव टेबलावर ठेवला आणि चालत पुढं गेले.

प्राचार्य मॅडम अर्ध्या उठल्या. "मावशी, जेवणाला अजून वेळ आहे."

"जेवणाचंच बोलायचंय," म्हटलं आणि माइक घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, भाजीत मीठ घाला!"

"शेखर, तुझा आवाज मी ओळखते. ह्या महिन्यात तुझे नऊ खाडे. गावी गेलो होतो म्हणालास, आणि इलाहीनं तुला सूसच्या चौकात बिर्याणी हाणताना बघितलंय. त्याचा मला राग नाही. खातोयस ना? खा. जिवंत आहेस." पोरं हसली. मी पिशवीतून वही काढली. "आता हे ऐका. हे माझ्या भाच्याचं पान. टिक, टिक, टिक. मग र. हा र म्हणजे मी रोजा समजत होते. एका महिन्यात वीस दिवस र, आणि रोज दोन-दोन. तुम्ही म्हणाल मावशी अडाणी. हो, आहे. पण ही जी माणसं शाल घेऊन बसलीयत ना, तीही तेवढीच अडाणी आहेत."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, प्लीज." मी थांबले नाही. एवढी वर्षं मी पोरांना वाढताना 'अजून घे' म्हणत आले, आज पहिल्यांदा 'घेऊ नको' म्हणत होते.

"तुम्हाला कुणी म्हणेल, परीक्षा आहे, जागायला मदत होते. एकदाच घे. माझा रईस अशाच 'एकदाच'नं गेला. पहिले दोन दिवस पोरगं राजा असतं. झोप नको, जेवण नको, सगळं पुस्तक पाठ झाल्यासारखं वाटतं. त्याचा एक शब्द पेपरात आठवत नाही, हे रईसनंच मला सांगितलं. मग ते उतरतं आणि माणूस ओल्या फडक्यासारखा पडतो. उठायला पुन्हा तेच लागतं. काळीज इतकं धावतं की विशीतल्या पोराचंही बंद पडू शकतं. कातडीखाली किडे चालतात असं वाटतं, मग नखांनी सोलता. दात खाता, दाढा फुटतात. आईसुद्धा वैरीण वाटते. मला तो विचारत होता, तूपण त्यांच्यातली? त्याच्या तोंडात पहिला घास मी घातलाय, आणि मला विचारत होता!

"हे संस्कारांचं काम नाही, सर. पाच वेळच्या नमाजी घरातला पोरगा आहे तो. हा आजार आहे, आणि लपवला की वाढतो. कुणाचा डबा भरलेला परत येत असेल, कुणी तीन-तीन दिवस झोपत नसेल, तर त्याची मैत्री सांभाळत बसू नका. मला सांगा. आईला सांगा. हॉस्पिटलात न्या आणि डॉक्टरला खरं सांगा. ते आधी जीव बघतात. ज्यानं घेतलंय त्यानंही ऐका. रईस परत जेवायला लागलाय. उशीर झालाय, पण लागलाय. आणि ज्याला आपलं मन मारून उपवास करता येतो त्याला व्यसन शिवत नाही म्हणता? अहो, मन मारावंच लागत नाही ह्यात. भूकच मेलेली असते!"

मी गौतमीकडं बघितलं नाही. तिचं नाव माझ्या तोंडात येऊ द्यायचं नाही, असं मी मागच्या दारापासून पुढं येईपर्यंत ठरवलं होतं. चारचौघांत पोरीची अब्रू घालवून मला काय मिळणार? मी वही मिटली.

तेवढ्यात साळू उठली. फूल हातातच होतं.

"गौतमे," ती म्हणाली, माइक नसताना शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा शेतावरच्या आवाजात, "आज वार कंचा?"

गौतमी हसली. "आत्या, कार्यक्रम चालू आहे."

"चालू दे. वार सांग."

"बुधवार."

"सोमवार म्हादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, शनवार मारुतीचा. समदे तूच सांगितलंस, मी समदे ध्यानात ठिवले. सोळा सोमवाराला साबुदाणा भिजवला, त्योबी गाईला घालावा लागला." साळू व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागली. "बुधवार कुणाचा गं? बुधवारी आपल्या घरात कोंबडी शिजती. तुझ्या आज्यापास्न कुणी बुधवार धरल्याला मी बघितला न्हाई. कुठल्या देवाचा हाय ह्यो उपास?"

गौतमीचा जबडा चालत होता.

दयानंद सर उठले. "ताई, हा तुमचा घरगुती प्रश्न आहे, तो नंतर..."

"हे धरा," म्हणून साळूनं गुलाबाचं फूल त्यांच्या हातात कोंबलं आणि मोकळ्या हातानं पोरीचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं पदरानं तिच्या गालावरची पावडर पुसली. खालचं जे दिसलं, ते पहिल्या रांगेनंही बघितलं. साळू ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल.

"गुलशन," ती म्हणाली, "इलाहीभाऊची रिक्षा हाय का खाली?"

रिक्षात भाताचं पातेलं होतं. इलाहीनं ते कॉलेजच्या पायरीवर उतरवलं. मॅडम मागून धावत आल्या, "मावशी, पाहुण्यांचं जेवण? वाढणार कोण?"

"तुमच्यातल्या ज्यांना रईसचा विषय बरा दिसला नाही, त्यांना वाढू दे," मी म्हटलं आणि बसले.

गौतमी आमच्या दोघींच्या मध्ये. उतार लागला आणि तिचं तोंड सुटलं. मला चोरटी म्हणाली. लोकांच्या खरकट्यात तोंड घालणारी म्हणाली. आत्याला म्हणाली, तू अडाणी आहेस, म्हणून हिच्या नादी लागलीस. एकदा माझ्या मांडीवरून पाय टाकून उघड्या बाजूनं उडी मारायला बघत होती. साळूनं तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं, वासरू धरतात तसं. चांदणी चौकाच्या अलीकडं ट्रॅफिक तुंबलं होतं, हिंजवडीच्या कॅब रांगेनं उभ्या. त्या काचांमागची माणसं आमच्या रिक्षाकडं बघत होती. इलाही हॉर्नवरून हात काढत नव्हता.

"रईस जेवतोय का गं आता?" साळूनं विचारलं.

"परवा दीड पोळी. काल दोन."

ती मनाशी काहीतरी मोजत राहिली. मग गौतमीच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात निखारा.

"चार आटवडं ठाव हुतं तुला."

"सांगितलं होतं, साळू. तू फाटक लावलंस."

"मी लावलं. मी येडी हाय. पर तू? पंचवीस वर्सं माझ्या घरात न विचारता शिरतीयास, साखर नेतीयास, माझ्या चुलीवरनं निखारा नेतीयास. आन ह्या येळंला तेवढं फाटक दिसलं तुला? मोडून का न्हाई आलीस?"



गौतमीनं माझ्या हातावर नखं रोवली होती. मी हात काढून घेतला नाही. "इलाही," मी म्हटलं, "उलट्या बाजूनं घाल, पण पोच."